कचेरीच्या व्हरांड्यात भरलेली शाळा

केंद्रप्रमुख म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही. मुख्याध्यापकाच्या वरची खुर्ची म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी, शिपाई आणि टेबलावरची घंटी यायची. प्रत्यक्षात माझ्याकडे एक स्कूटी होती आणि जिल्हा परिषदेच्या डझनभर प्राथमिक शाळा. कुठे शिक्षक आजारी पडला की शेजारच्या शाळेतला उचलून तिथे पाठवायचा. याला आमच्यात 'कामगिरीवर पाठवणं' म्हणतात. कुठे तांदूळ पोचला नाही, कुठे गणवेश आखूड आले, कुठे एखाद्या दिव्यांग मुलाला तपासणीसाठी नागपूरला न्यायचं आहे, कुठे दोन शिक्षकांचं एकमेकांशी पटत नाही आणि दोघंही वेगवेगळे फोन करून माझंच डोकं खातात. शाळांना वाटायचं मी गटशिक्षणाधिकारी साहेबांची माणूस, साहेबांना वाटायचं मी शाळांची. दोन्हीकडून बोलणी खायची सवय झाली की नोकरी तशी बरी आहे.

माझ्या केंद्रातली सगळ्यात आडबाजूची शाळा दोन शिक्षकांची होती. पहिली ते चौथी, दोन खोल्या, समोर कडुनिंब आणि मागे कपाशीचं शेत. मुख्याध्यापक निवृत्तीला टेकलेले. माणूस सज्जन, पण पेन्शनच्या फायलीत काही अडकू नये या धास्तीने ते साध्या पावतीवरसुद्धा सही करायच्या आधी ती उलटीसुलटी करून वाचायचे. मी त्यांना चिडवायचे की सर, हजेरीवर तरी न वाचता सही करा. ते हसायचे आणि वाचायचे.

दुसरी शिक्षिका सांगलीकडची. भरतीत नागपूर जिल्हा मिळाला म्हणून एवढ्या लांब आली. नवरा तिकडेच दूध संघात कामाला. आमच्याकडचे बहुतेक शिक्षक नागपुरात राहून रोज ये-जा करतात, त्याला 'अप-डाउन' म्हणतात, आणि गावात राहायचा नियम कागदावर पाळतात. ही मात्र खरोखर गावात राहिली. जाणार कुठे होती? नागपुरात तिचं कोणी नव्हतं. गावात एक खोली भाड्याने घेतली, आणि संध्याकाळी ओट्यावर पोरं गोळा करून बसायची, कारण एकटीने खोलीत बसून करायचं काय. सुरुवातीला पोरांना तिचं बोलणं कळेना आणि तिला पोरांचं. ती 'का रे' म्हणायची, पोरं 'काहून' म्हणायची. पुढच्या वर्षी मी भेटीला गेले तर ही बाई पहिलीच्या पोराला विचारत होती, "काहून रडून राहिला गा?" मी दारात उभी राहून पोट धरून हसले.

लेक झाली तेव्हा बाळंतपणाची रजा संपवून ती बाळाला घेऊनच परत आली. खिचडी शिजवायला येणाऱ्या काकूंनी त्या लेकीला अक्षरशः मांडीवर वाढवलं. काकूंचा स्वतःचा नातू दुसरीत होता. चुलीवर तांदूळ शिजत असायचा आणि झोळीत मॅडमची पोरगी झोपलेली असायची. मी नियमाने यावर काहीतरी लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी झोळीला झोका देऊन चहा प्यायचे. पण पुढचा उन्हाळा त्या लेकराला सोसला नाही. ताप, जुलाब, पुन्हा ताप. नागपूरच्या दवाखान्याच्या दोन-चार फेऱ्या झाल्या आणि सांगलीहून सासू येऊन नातीला घेऊन गेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून. ते थोडे दिवस लांबत गेले आणि लेक तिकडेच चालायला, बोलायला लागली.

इकडे तिच्या शिकवण्याने शाळेचं मात्र भलं होत होतं. गावाच्या फाट्यावर सकाळी कॉन्व्हेंटची व्हॅन यायची. आमच्याकडे इंग्रजी शाळेला सगळे कॉन्व्हेंटच म्हणतात. तिच्यात कोंबून जाणारी काही पोरं एकेक करून आमच्या शाळेत परत आली. शाळा समितीच्या अध्यक्षांनी आपली मुलगी सगळ्यांच्या आधी आणली. हे अध्यक्ष म्हणजे तिशीतला शेतकरी, आवाज मोठा, मन मऊ, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आपली पोरगी मराठी आणि इंग्रजी दोन्ही धडाधड वाचते हे तो मला दर भेटीत ऐकवायचा, जणू मीच तिला कॉन्व्हेंटात टाकलं होतं.

आणि मग सांगलीच्या शिक्षिकेची बदली झाली.

आंतरजिल्हा बदलीसाठी तिने अर्ज केला होता. एकदा नव्हे, दरवर्षी. दरवर्षी नाव मागे राहायचं. त्या वर्षी, दसरा तोंडावर आला असताना, यादी लागली आणि तिला सांगली मिळालं. आदेशात साफ लिहिलं होतं: त्या शनिवारपर्यंत तिकडे हजर व्हायचं, नाहीतर बदली रद्द. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती ढसाढसा रडली. नेमकी ती शाळेच्या पटांगणात होती. खिचडीच्या काकूंनी पाहिलं, पोरांनी पाहिलं, पोरांनी घरी जाऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला होता: आपल्या मॅडमला सरकारने जबरदस्तीने हलवलं आणि मॅडम रडून राहिल्या.

तिने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. पण त्या रात्री तिच्या ओट्यावर बाया येऊन बसल्या, एकीने पुरणपोळी आणली, एक नुसतीच हात धरून बसली. त्यांच्या तोंडावर 'मीच मागितली' म्हणायला तिची जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही सांगू नका, मी जाताना सांगेन. मी हो म्हणाले. जाणारीला माया घेऊन जाऊ दे, शिव्या मी खाईन, असा माझा हिशेब होता.

त्याच दिवशी गावाने शाळेला कुलूप ठोकलं.

आमच्या भागात हे नवीन नाही. शिक्षक मिळाला नाही की लोक शाळेला कुलूप लावतात, फोटो पेपरात येतो, साहेब पळत येतात. पण शिक्षक जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप मी पहिल्यांदाच पाहत होते. मी पोचले तेव्हा अध्यक्ष दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. मला म्हणाला, तुम्ही बदली थांबवा, आम्ही कुलूप काढतो. मी म्हटलं, भाऊ, बदली मुंबईच्या कॉम्प्युटरवर होते, माझ्या हातात काही नाही. तर तो म्हणाला, मंग त्या कॉम्प्युटरले सांगा.

हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. कारण पोषण आहाराचा सगळा कारभार त्या शिक्षिकेकडे होता. तांदूळ, डाळ, तेल, भांडी, सगळं आत. ते मोजून मुख्याध्यापकांच्या ताब्यात दिल्याशिवाय ते तिला कार्यमुक्त करणार नव्हते, आणि कार्यमुक्त झाल्याचा कागद नसेल तर सांगलीची शाळा तिला हजर करून घेणार नव्हती. मी सरांना म्हटलं, सर, सही करून टाका, सामान मी मागाहून मोजून देते. ते घाम पुसत म्हणाले, मॅडम, माझी पेन्शनची केस गेली आहे वर. मला त्यांचा संताप आला आणि दयाही आली. चाळीस वर्षांची चाकरी, आणि माणूस डाळीच्या पोत्याला भीत होता.

म्हणजे तिच्यावरच्या प्रेमापोटी लावलेलं ते कुलूप तिलाच कोंडून बसलं होतं. दोन दिवस असेच गेले. मी कोष्ट्याच्या घरची, लहानपणी मागाजवळ बसून एवढं शिकले की गुंता ओढला की आवळतो. म्हणून मी जोर केला नाही. रोज जायचे, बसायचे, चहा घ्यायचे, उठून यायचे. ती शिक्षिका मात्र सुकत चालली होती. मी म्हटलं, आता सांगून टाक. ती म्हणाली, आता सांगितलं तर त्यांना वाटेल दोन दिवस मी त्यांना खेळवलं. तेही खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गाव पोरांना घेऊन थेट पंचायत समितीवर धडकलं. एका ट्रॅक्टरमध्ये अख्खी शाळा. आमच्या शिक्षणविभागाच्या व्हरांड्यात, साहेबांच्या दाराला लागून, पोरं मांडी घालून बसली आणि घोषणा सुरू झाल्या. पोरांना घोषणा म्हणजे गंमत. मॅडमचं नाव घेऊन ती अशी बेंबीच्या देठापासून ओरडत होती की पलीकडच्या बांधकाम विभागाचे बाबू काम सोडून बघायला आले. साहेबांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, पोरं तुमच्या केंद्राची, तुम्ही गप्प करा. मी काय केलं असेल? मी तिलाच बोलावून घेतलं. तिच्याशिवाय त्यांना कोण गप्प करणार होतं?

ती आली. पोरांसमोर उभी राहिली, ओठांवर बोट ठेवलं. व्हरांडा एकदम शांत. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने भिंतीवरच्या जुन्या फळ्यावरची मीटिंगची सूचना पुसली आणि शिकवायला घेतलं. पहिलीला अक्षरं, तिसरीला वजाबाकी, चौथीच्या पोरींना पहिलीतल्या पोरांजवळ बसवलं. तिची बदली रोखायला भरलेली शाळा ती स्वतः चालवत होती. अध्यक्ष कंबरेवर हात ठेवून अभिमानाने सगळ्यांना दाखवत होता, बघा, असं शिकवतात. बांधकामवाले बाबू माना डोलावत होते. मी उगाच पाण्याच्या टाकीकडे गेले.

दुपार झाली. पोरं कुठेही बसलेली असोत, शाळेत हजर आहेत म्हटल्यावर त्यांना जेवण देणं भागच. शाळेचा तांदूळ कुलपात. काकूंनी घरचा तांदूळ शिजवून मोठ्या पातेल्यातून ट्रॅक्टरवर आणला होता. आंदोलनाची खिचडी मी स्वतः वाढली. केंद्रप्रमुख झाल्यावर काय काय करावं लागेल, हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत.

पोरं जेवत असताना तिचा फोन वाजला. दुपारी या वेळेला सासू रोज व्हिडिओ कॉल करायची, हे मला ठाऊक होतं. तिने कापला. पुन्हा वाजला. काकू तिच्या शेजारीच बसल्या होत्या. फोटोवरून त्यांनी ओळखलं.

"लेकराचा फोन हाय, उचला ना. लय दिवस झाले, मलेही पाहू द्या."

तिने उचलला. पडद्यावर आधी आजी दिसली, मग झबल्यातली, दोन बो बांधलेली पोरगी. काकू आनंदाने पुढे सरकल्या, हाका मारायला लागल्या. बाकीच्या बायाही वाकल्या. आजी म्हणत होती, बघ, कोण आहे, बोल आईशी. पोरीने फोनकडे एकदा पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, आणि वळून आजीच्या पदरात तोंड खुपसलं. "ही माझी आई," ती आजीला बिलगून म्हणाली.

आजीने घाईघाईने काहीतरी सावरलं आणि फोन बंद केला. मग शिक्षिका काकूंकडे वळली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"काकू, ही बदली मीच मागितली होती. दरवर्षी मागत होते. मला कोणी पाठवत नाहीये. मीच चाललेय."

अध्यक्ष ताडकन उठला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात राग होता, पण त्याहून जास्त फसवलं गेल्याचं दुःख होतं.

"मंग आमाले सांगाचं होतं. आमी तीन दिवसांपासून काहून बसून राहिलो? तुमच्या भरोशावर मी पोरगी कॉन्व्हेंटातून काढली."

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. मला वाटलं, आता हे सगळं फिसकटणार. कुलूप आता मायेने नाही, रागाने लागून राहणार.

"गप राय गा," काकू म्हणाल्या. हातातला झारा त्यांनी पातेल्यात ठेवला. आजवर त्या तिला मॅडम म्हणत आल्या होत्या, अहो-जाहो करत आल्या होत्या. ते सगळं त्या क्षणी गळून पडलं. "तुहं लेकरू तुले वळखत नाही, अन् तू आमच्या पोट्ट्यायले शिकवत बसली. जाय वं माय. आजच जाय."

मग त्या तिला जवळ घेऊन रडल्या आणि बाकीच्या बायाही रडल्या. पोरांना काही कळेना. एकाने विचारलं, खिचडी आणखी मिळेल का. मी वाढली.

साहेब बाहेर आले. वातावरण निवळलेलं पाहून त्यांचा चेहरा खुलला. मला बाजूला घेऊन म्हणाले, आठ दिवसांत दुसरा शिक्षक देतो असं सांगून टाका, लोक जातील. हे वाक्य मी आजवर कितीतरी गावांना सांगितलेलं ऐकलं होतं. पण त्या बायांनी आपली मॅडम नुकतीच स्वतःहून सोडली होती ते मी पाहिलं होतं, आणि मला ते वाक्य उच्चारवेना. मी सगळ्यांसमोर म्हटलं, की आज माझ्याकडे द्यायला शिक्षक नाही. मिळेल तो पहिला तुमच्या शाळेला. तोवर आठवड्यातून दोन दिवस मी येऊन शिकवेन. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या मीटिंगचा विषय मला तिथेच समजला.

कुलूप त्याच दिवशी निघालं. अध्यक्ष कोणाशी न बोलता आला, उघडलं आणि सामान मोजायला पोती ओढून देऊ लागला. मुख्याध्यापकांनी डाळीचं पोतं दोनदा तोललं आणि एकदा वाचून सही केली; त्यांच्या मानाने ही फार मोठी घाई होती. रात्रीच्या गाडीला मी तिला स्कूटीवरून नागपूरला सोडलं. अध्यक्ष स्टेशनवर आला नाही. त्याने आपल्या मुलीच्या हातून तिच्यासाठी घरच्या तुरीची डाळ पाठवली होती. शनिवारी ती सांगलीला हजर झाली.

मी दिलेला शब्द पाळला. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाऊ लागले. फार वर्षांनी पहिलीचा वर्ग घेत होते. पोरं मला पुरून उरायची. अध्यक्षाने मुलीला परत व्हॅनमध्ये बसवलं नाही. मी कारण विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

काकू मात्र दर वेळी मला गाठायच्या. मी स्कूटी लावते न लावते तोच त्या चुलीजवळून उठून यायच्या. मला वाटायचं, नवीन शिक्षकाचं विचारतील. त्या विचारायच्या, "पोरगी आली का वं तिच्याजोळ?" आणि मला दर वेळी सांगावं लागायचं की अजून नाही. लेक तिच्या हातून जेवत नाही. उचललं की रडते. झोपायला आजीकडेच जाते. ती मला फोनवर हे सांगायची आणि मी ते काकूंना सांगायचे. काकू ऐकून म्हणायच्या, होईल, रक्त हाय, होईल. आणि चुलीकडे परत जायच्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एक मंगळवार. सकाळीच तिचा फोन आला होता. आदल्या रात्री लेक आजीचं अंथरूण सोडून आपण होऊन तिच्या कुशीत येऊन झोपली होती. बोलताना ती मध्येच थांबत होती. मी शाळेत पोचले आणि काकूंनी विचारायच्या आधीच सांगितलं. त्या भांडं घासत होत्या. हात तसेच राखेचे ठेवून त्या पायरीवर बसल्या, दंडाने डोळे पुसले आणि कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिचं लेकरू तिले भेटलं. आता आमच्या लेकरायले बाई कवा भेटन?"

त्यात टोमणा नव्हता. एवढे दिवस त्यांनी हा प्रश्न मागे ठेवला होता. तिच्या पोरीचा नंबर आधी, मग आपल्या पोरांचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. माझ्या केंद्रात त्या दिवशी एकही मोकळा शिक्षक नव्हता, पुढच्या महिन्यात असण्याची आशाही नव्हती. मी म्हणाले, "पाहते."

"हाव," काकू म्हणाल्या, आणि समाधानाने भांडं घासायला लागल्या. त्यांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो घेऊन वर्गात जाणं मला त्या दिवशी फार जड गेलं.